माळ नांगरण्यापूर्वी पहारीने खड्डा घेऊन पाहावा
कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, हातकणंगले-शिरोळकडे, पाऊस गगनबावड्याच्या मानाने फारच कमी पडतो, म्हणून तिथला मुरमाड माळ नांगराखाली आणण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली अवश्य मोजावी. वीतभर खोलीवरच, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटरवर, पहार खडकावर खणखणली आणि मुठीत मातीपेक्षा खडेच जास्त आले, तर ती जमीन ओल धरणार नाही, हे नक्की समजावे. जमिनीच्या क्षमतेनुसार केलेल्या 8 वर्गांपैकी पहिले 4 वर्गच नांगरटीस योग्य मानतात; अशी जमीन सहसा त्यांत बसत नाही. अशी उथळ मातीची उतरती जमीन नांगरली, तर आहे ती मातीही वळवाच्या पहिल्या सरींत वाहून जाते. त्यापेक्षा तिथे पवना, मारवेल यांसारखे गवत राखावे, कडेने बोर-सीताफळ लावावे आणि गवताचे बी झडेपर्यंत जनावरे आत सोडू नयेत.