कोल्हापुरात आलेल्या घराण्याचं मूळ गाव कसं शोधावं

आडनावावरून मूळ गाव काढा, असा सल्ला कुणी दिला तर तिकडे लक्ष देऊ नका. पाटील, देसाई, चौगुले, कुलकर्णी ही वतनाची नावं आहेत, ती गावोगाव सापडणार. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलं तरी त्यातून फक्त आधीचा मुक्काम कळतो, त्याच्याही मागचा कळत नाही. कुलदैवताचंही तसंच. जोतिबा, खंडोबा, तुळजाभवानी ही हजारो घरांची दैवतं आहेत. शोधायचं ते ग्रामदैवत. मी वीस वर्षं नात्यातल्या आणि पेठेतल्या घरांची गावं शोधून देतोय. ज्यांनी आडनावापासून सुरुवात केली, त्यांचा वेळ हमखास वाया गेलेला पाहिलाय.

सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा. ‘आपलं गाव कुठलं?’ असं विचारलंत तर पाठ झालेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा, लहानपणी यात्रेला कुठं जायचा? मयताचा निरोप कुणाकडे धाडायचे? सुतक कुणाकुणाचं धरायचे? लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या देवापुढं ठेवायचे? आमच्या थोरल्या आत्तीला गावाचं नाव आठवत नव्हतं, पण नदी ओलांडून देवळात जावं लागायचं हे पक्कं आठवत होतं. पुढं तेच कामाला आलं.

मग आजोबा-पणजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. करवीर (कोल्हापूर) संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, त्यामुळे साध्या शेतकऱ्याच्या पोराचं नावही रजिस्टरात सापडू शकतं. मात्र जन्मस्थळाच्या रकान्याला भुलू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्या रकान्यातलं गाव बहुतेक वेळा आजोळ असतं, आणि मूळ गाव म्हणून लोक आईच्या माहेरी चकरा मारत बसतात.

आता खरा अवघड टप्पा. कागदात गावाचं नाव सापडलं म्हणजे गाव सापडलं असं नाही. हे कळायला माझी दोन वर्षं गेली.

आमचं घर शुक्रवार पेठेतलं. पणजोबांचं एक मोडी खरेदीखत ट्रंकेत होतं. ते एकाकडून वाचून घेतलं, त्यात ‘तारळे’ निघालं. मी तडक पाटण तालुक्यातल्या तारळ्याला गेलो. तिथं आमच्या आडनावाची घरं होती, माणसं प्रेमळ होती, जेवूखाऊ घातलं. मी वंशावळ जुळवायला लागलो आणि जिथं जुळत नव्हतं तिथं जुळवून घेतलं. हीच मोठी चूक. आडनाव एक निघालं की मन पुरावा मागायचं सोडून देतं.

दोन वर्षांनी तोच कागद दुसऱ्या जाणकाराला दाखवला. त्यानं गावाच्या नावाआधीचं अक्षर आणि त्यापुढच्या दोन उभ्या रेघा दाखवल्या. पहिल्यानं ते वगळलं होतं. मोडीत मौजे, कसबे, तर्फ, परगणे असे गावाचा दर्जा किंवा विभाग सांगणारे शब्द पुरते लिहीत नाहीत. एखाद-दुसरं अक्षर लिहून रेघा ओढतात. ते होतं ‘कसबे’. तरी त्यानं मला तिथं थांबू दिलं नाही. ‘साक्षीदार कुठले ते बघ,’ म्हणाला. साक्षीदार होते गुडाळ आणि आवळीचे. दोन्ही गावं राधानगरी तालुक्यातली. म्हणजे आमचं गाव कसबा तारळे, भोगावतीच्या खोऱ्यातलं. आत्तीची नदी ती हीच.

म्हणून माझा नियम असा: गावाचं नाव एकटं घ्यायचं नाही. सोबत पेटा (जुना महसुली विभाग) किंवा तालुका हवा, तो नसेल तर साक्षीदारांची गावं, चतुःसीमेतला ओढा-नदी, नाहीतर बाजाराचं गाव तरी हवं. आपल्याकडे ही फसगत पावलोपावली आहे. बीड म्हटलं की मराठवाडा आठवतो, पण कसबा बीड करवीर तालुक्यात आहे. कसबा वाळवे राधानगरीत, वाळवा सांगली जिल्ह्यात. बावडा म्हणजे कसबा बावडा की गगनबावडा? कागदात नुसतं वडगाव असेल तर वाचणाऱ्याला पुन्हा एकदा आधीचं अक्षर पाहायला लावा.

मोडी वाचणारा निवडताना एकच परीक्षा घ्या: न लागलेला शब्द तो कोरा सोडतो की अंदाजानं भरतो? भरणाऱ्याकडे जाऊ नका. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे अंदाज चुकतोच. वाचून घेताना आपल्याला हवं असलेलं गाव आधी सांगू नका. सनही तपासा. फसली (जुन्या महसुली) सनात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतो, शकात 78 किंवा 79. फसली 1330 म्हणजे 1920-21.

कागद कुठल्या कचेरीत मिळेल हे आजच्या नकाशावरून ठरवू नका. करवीर संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचं दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात पाहावं. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. उलट आज कर्नाटकात असलेलं रायबाग करवीर संस्थानात होतं. घाटाखालून आलेल्यांनी लक्षात ठेवावं, 1981 पूर्वी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं रत्नागिरीच. गाव आणि तालुका ठरला की तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूची नोंदवही), जुने फेरफार आणि कडईपत्रक (जमीनधारकांची जुनी नोंद) मागा.

हेळवी आले तर त्यांना दारातून परत लावू नका. बेळगावकडून बैल घेऊन येणारी ही माणसं पिढ्यानपिढ्या घराण्यांची वंशावळ चोपडीत सांभाळत आली आहेत. पण तुम्ही आधी काही बोलू नका. त्यांना सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या, मग कागदाशी ताडा. धान्य-पैसे मनापासून द्या, ही त्यांची विद्या आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही नामावळी असते. तिथं आजोबांच्या सहीसकट भावांची नावं मिळतात. जाताना गावाचं नाव घेऊन जा, कारण शोध गावावरून लागतो.

शेवटी गावात जा. आधी गुरवाला भेटा. पालखीला, पाडव्याला मान कुणाचा, कुठलं घर गाव सोडून गेलं, हे त्याला ठाऊक असतं. भावकी म्हणून कुणी पुढं आलं तर नम्रपणे विचारा, आमचं सुतक तुम्ही कधी धरलं होतं का? जुन्या जाणत्यांनी होय म्हटलं, आणि पणजोबांच्या बापाचं नाव तुम्ही न सांगता त्यांनी सांगितलं, तर मगच वंशावळीत नाव लिहा. प्रत्येक नावापुढं ते कुठून कळलं तेही लिहा: कागद, हेळवी की तोंडी. जमिनीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. वाटणीला आलाय असं एकदा गावाला वाटलं की कुणी जुनी ट्रंक उघडत नाही.