दुबईचा पहिला उन्हाळा : घाम वाळत नाही तेव्हा

मुंबई-कोकणातून आलेल्या माणसाला वाटतं, दमट हवेची आपल्याला सवय आहे. ती सवय इथे जूनपर्यंत पुरते. मे-जूनचा उन्हाळा कडक असला तरी बराचसा कोरडा असतो. खरी परीक्षा जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. दुपारी ४० ते ४२ अंश, रात्री पारा अनेकदा ३० च्या खालीच येत नाही, आणि आखाताचं पाणीच ३२-३४ अंशांवर गेलेलं असतं, त्यामुळे समुद्रावरचा वारा गारवा आणत नाही, वाफ आणतो. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येऊन सुटका करतो. इथे ती सुटका नाही.

हवामानाच्या ॲपवर नुसती आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा. दुपारी ४२ अंश आणि ४० टक्के असेल तर दवबिंदू २५-२६ च्या आसपास येतो. रात्री ३३ अंश आणि ८० टक्के असेल तर तो २९ वर जातो. म्हणजे आकडा उतरलेला दिसतो, पण हवेतलं पाणी वाढलेलं असतं. पहाटे चालायला जाणारे इथेच फसतात. ऊन नसतं हे खरं, पण घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, निथळल्यामुळे नव्हे. दवबिंदू २४ च्या वर असेल तर चाल कमी करा. २८ च्या वर असेल तर धावणं-सायकल सोडून मॉलमध्ये चाला. सकाळी दुकानं उघडण्याआधी तिथे चालणारे पुष्कळ दिसतील.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. साइटवर किंवा डिलिव्हरीच्या कामावर नव्याने रुजू होणाऱ्याने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम उन्हात करावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं, हा जगभर मानला जाणारा हिशेब आहे. गावी सुट्टी काढून परतलेल्या जुन्या माणसाचीही सवय मोडलेली असते. त्याने ५०, ६०, ८०, १०० असं चार दिवसांत चढावं. उष्माघाताचे बळी मुख्यतः पहिल्या काही दिवसांतच पडतात, म्हणून मुकादमाला हे स्पष्ट सांगायला संकोच करू नका. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. काही तातडीच्या कामांना सूट असते, पण तिथेही सावली आणि थंड पाणी द्यावंच लागतं.

पाणी तहान लागण्याआधी प्यायचं. अंगमेहनत असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, सुमारे २५० मिली, पण तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नाही. नुसतं साधं पाणी भराभर पीत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. दोन तासांपेक्षा जास्त घाम गेला असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका. मीठ-जिऱ्याचं ताक आणि मीठ घातलेलं कोकम सरबत ही दोन्ही उत्तम. बाटलीबंद कोकममध्ये साखर भरमसाट असते, म्हणून आगळ आणून घरी करा. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. घाम, पेटके, चक्कर इथवर असेल तर सावली, पाणी, विश्रांती याने भागतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. अंग घामाने ओलं असलं तरीही. कोरडं अंग म्हणजेच उष्माघात, हा समज दमट हवेत जीव घेतो. ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आता घर. पहिलं आश्चर्य न्हाणीघरात भेटतं: थंड पाण्याचा नळ सोडला तर पोळणारं पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर आहे. जुन्या रहिवाशांची युक्ती अशी की मेच्या मध्यावर गिझर बंद करायचा. बहुतेक इमारतींत गिझर घराच्या आत, छतालगत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये असतो. एसीच्या हवेत त्याच्यातलं पाणी निवतं. मग ‘गरम’ नळातून गार पाणी येतं आणि ‘थंड’ नळातून गरम. ५० लिटरच्या गिझरात दोघांची आंघोळ होते. त्यानंतर टाकीतलं तापलेलं पाणी आत येतं आणि ते निवायला काही तास लागतात, तेव्हा आंघोळीच्या वेळा वाटून घ्या. संडासातल्या जेट स्प्रेचं पाणी थंड लाइनचं असतं. लहान मुलांसाठी वापरण्याआधी ते हातावर घेऊन बघा, दुपारी कातडी लाल होईल इतकं ते तापतं.

एसी २४ अंशांवर, त्याचा पंखा ऑटोवर ठेवा. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ चालतं. पंखा ‘ऑन’वर असेल तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं आणि घर चिकट वाटतं. फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. धूळ इतकी असते की महिनाभर सोडलं तर हवा कमी होते, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की छतातून पाणी गळतं. गळतीचं दुसरं कारण म्हणजे शेवाळाने तुंबलेली ड्रेनची नळी. उन्हाळा लागण्याआधी एप्रिलमध्येच नातूरला (इमारतीच्या रखवालदाराला) सांगून सर्व्हिसिंग करून घ्या, जूनमध्ये मेकॅनिक मिळवणं अवघड. बाहेर बाल्कनीचं दार उघडं आणि आत एसी चालू, असं कधीही नको. दमट हवा थंड भिंतीवर पाणी सोडते आणि आठवड्यात काळे डाग उमटतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गावी जाताना वीज वाचवायला एसी पूर्ण बंद करू नका. परतल्यावर कपाटातल्या चामड्याच्या चपला, पट्टे, लग्नातल्या साड्या बुरशीने पांढऱ्या झालेल्या सापडतील. २७-२८ वर किंवा ड्राय मोडवर ठेवा, कपाटांची दारं किलकिली सोडा, फ्रीज रिकामा करून बंद करत असाल तर दार उघडं ठेवा.

बिलाचा हिशेब समजून भाडं ठरवा. दुबईतल्या घरगुती विजेला महिन्याला २,००० युनिटपर्यंत युनिटमागे २३ फिल्स (१०० फिल्स म्हणजे एक दिरहम) आणि २,००१ ते ४,००० पर्यंत २८ फिल्स असे टप्पे आहेत. त्यावर इंधन अधिभार आणि ५ टक्के व्हॅट. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के ‘हाउसिंग फी’ बारा हप्त्यांत याच बिलात येते. भाडं ६०,००० दिरहम असेल तर महिना २५० दिरहम त्याचेच. नवीन मीटरसाठी फ्लॅटला २,००० दिरहम अनामत. ‘चिलर फ्री’ म्हणजे थंड करण्याचा खर्च घरमालकाचा. तसं नसेल तर कूलिंग कंपनीचं वेगळं बिल येतं, त्यात वापर शून्य असला तरी एक ठरलेली रक्कम असते. जाहिरातीवर विश्वास न ठेवता करारात हे लिहून घ्या.

स्वयंपाकघरात एक गंमत होते. एसीत ठेवलेलं दही रात्रभर लागत नाही, आणि बाल्कनीत ठेवलेलं चार तासांत आंबट होतं. इडलीच्या पिठाचंही तेच. विझलेल्या ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, तिथे बेताची ऊब मिळते. रवा, बेसन, डाळी थोड्या आणा आणि रवा फ्रीजमध्येच ठेवा, नाही तर जाळी धरते.

जांघेत-काखेत नायटा होणं इथे फार सामान्य आहे. गावाहून आणलेली ‘तीन गुणांची’ मलमं लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो पसरतो. सुती अंतर्वस्त्रं दिवसातून दोनदा बदला, आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा.

गाडीत लायटर, डिओडरंट, पॉवर बँक, इन्सुलिन ठेवू नका. बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, म्हणून मूल दोन मिनिटांसाठीही आत नको. बॅटरी इथे दोन वर्षांत संपते, टायरची हवा सकाळी गार असताना तपासा.

२४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसू लागतो. इथल्या लोकांसाठी तो उन्हाळा उतरणीला लागल्याची खूण. हा आपलाच अगस्ती, ज्याच्या उदयाने पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं असं आपण म्हणतो. पण सुहैल दिसला म्हणून लगेच दुपारी बाहेर पडू नका, दमट रात्री त्यानंतरही महिनाभर टिकतात. खरा बदल ऑक्टोबरच्या मध्यानंतर जाणवतो. नोव्हेंबरमध्ये गिझर सुरू कराल तेव्हा पहिल्या दिवशी पाणी पूर्ण ६० अंशांपर्यंत तापवून काही तास तसंच ठेवा आणि मग सगळे गरम नळ पाच-दहा मिनिटं सोडून द्या. महिनोन्‌महिने कोमट राहिलेल्या पाण्यात लिजनेला जंतू वाढू शकतात. नळ सोडून खोलीबाहेर थांबा, वाफ नाकात जाऊ देऊ नका.