श्रावणातल्या तोडणीआधीची तयारी

शनिवारी पहाटे तोडणी असली तरी तू गुरुवारीच वही घेऊन शेतात उतर. आपल्या सामायिक शेतातून 40 सभासद घरांच्या भाजीच्या पिशव्या भरायच्या असतात, आणि सहायक व्यवस्थापक म्हणजे खरं तर मोजदाद ठेवणारा माणूस. दोडक्याच्या मांडवाखाली किती लोंबतायत, मेथी उभी आहे की पावसानं झोपली, हे डोळ्यांनी बघून लिही. मागच्या आठवड्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. माल कमी दिसला तर त्याच संध्याकाळी सभासदांना कळव. दोन दिवस आधी कळलं तर लोक बाजारातून घेवडा आणतात, शनिवारी पिशवी हलकी लागली तर आपल्यावर चिडतात.

भेंडी मात्र शनिवारची वाट बघत नाही. ती दिवसाआड तोडावीच लागते, म्हणून गुरुवारचा तोडा चुकवू नकोस. टोक टचकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. हातमोजे मोजून ठेव. नवे सभासद उत्साहानं उघड्या हातांनी भेंडीला भिडतात आणि पंधरा मिनिटांत खाजवत बांधावर बसतात.

शुक्रवारी क्रेट धुऊन उपडे घाल, विळ्यांना धार लाव, सुतळी काढून ठेव. वजनकाटा वीज असेपर्यंत चार्ज कर. एकदा तो बंद पडला आणि मी अंदाजानं पिशव्या भरल्या. पुढचे दोन आठवडे कुणाला किती मिळालं याखेरीज विषय नव्हता. शेडमध्ये ताडपत्री अंथरायला जागा रिकामी कर. ओली पालेभाजी क्रेटमध्ये दाबली की आतून तापते आणि दुपारपर्यंत काळी पडते, म्हणून ती सगळ्यांत शेवटी, पाऊस उघडल्यावर तोडायची आणि आधी निथळू द्यायची.

गमबूट, बॅटरी आणि काठ्या दाराशीच हव्यात. मांडवाखाली हात घालण्याआधी काठीनं पाला हलवायचा, हे दर शनिवारी नव्यानं सांग. 108 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे, तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून सर्पदंशाचं इंजेक्शन शिल्लक आहे ना, ते विचारून घे. हा फोन मी एकदाही टाळलेला नाही.

आणि हो, कॅलेंडर बघ. नागपंचमीला आपल्याकडच्या बायका विळा-खुरपं धरत नाहीत. जमीन उकरायची नाही, काही कापायचं नाही. सण शनिवारी आला तर तोडणी शुक्रवारी घे, पण ते शेतावरच्या मावशींना विचारून ठरव. त्यांना वरून हुकूम आवडत नाही, आणि का आवडावा?

राहिला चहा. साखर-दूध शुक्रवारीच आणून ठेव, कारण सहाला आलेली माणसं साडेसातनंतर चहावाचून हलत नाहीत. गवती चहा विहिरीच्या कडेला आहे. तिथंही आधी काठी.