मोठ्या ऑपरेशनआधी घरातल्या वयस्कांची ताकद कशी जोखावी

मावशीचे सगळे रिपोर्ट चांगले होते. टू-डी इको, छातीचा फोटो, रक्त, लघवी, सगळं. फिजिशियननी फिटनेस लिहून दिलं आणि मोठ्या आतड्याचं ऑपरेशनही नीट पार पडलं. तिसऱ्या रात्री मात्र ती सलाईन ओढून काढायला लागली, नर्सला वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागली. पूर्वीसारखी चालती व्हायला दोन महिने गेले. नंतर आम्हाला आठवलं की दिवाळीपासूनच तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ते डॉक्टरांना आम्ही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

डॉक्टर याला फ्रेल्टी म्हणतात. घरात आपण म्हणतो, ‘खंगलीय’. रोजची हातातोंडाची गाठ पडते, पण शिल्लक काही नसते, त्यामुळे एखादा मोठा घाव बसला की शरीर कोलमडतं. याचा वयाशी संबंध आहे, पण वयावरून हिशेब लागत नाही. ऐंशीचे काटक आजोबा पासष्टीच्या खंगलेल्या माणसापेक्षा ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात. पुढच्या गोष्टी घरी तासाभरात होतात. निर्णय डॉक्टरांचाच, पण त्यांना लागणारी निम्मी माहिती घरच्यांकडेच असते.

आधी दुखण्यापूर्वीचा माणूस आठवा. पोटात कळा येत असताना कोणीही अंथरुणालाच खिळलेला दिसणार. त्यामुळे हे दुखणं सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी काय चाललं होतं ते लिहा. भाजी आणायला एकट्या जात होत्या का? बँकेचं काम, गोळ्यांच्या वेळा कोण बघत होतं? जिना कठड्याला धरून चढत होते का? आंघोळीला मदत लागत होती का? कॅनडातल्या डॉक्टरांनी २००५ साली यावरूनच एक मोजपट्टी केली. आज तिच्यात १ ते ९ पायऱ्या आहेत. १ म्हणजे ठणठणीत. बाहेरच्या कामांना, पैशाला, औषधांना दुसऱ्याची मदत लागायला लागली की ५, आणि तिथून पुढे फ्रेल्टी धरतात. आंघोळीलाही हात द्यावा लागला तर ६. ही मोजपट्टी पासष्टीच्या पुढच्यांसाठी आहे. एक सूचना: हे प्रश्न सुनेला किंवा रोज घरात असणाऱ्याला विचारा. पुण्यातला मुलगा फोनवर ‘आई एकदम छान आहे’ असंच सांगतो.

मग चालणं बघा. हातांची खुर्ची घ्या, तिच्यापासून ३ मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर खडूने रेघ मारा. नेहमीच्या चपला घालू द्या, काठी असेल तर काठीही घेऊ द्या. मोबाइलवर घड्याळ लावा. उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. एकदा सराव, दुसऱ्यांदा मोजणी. नेहमीच्या चालीने चाला असं बजावून सांगा, कारण नातवंडं बघत असली की आजोबांना ती परीक्षा वाटते आणि ते पळतात. तुम्ही शेजारी उभे राहा, तोल गेला तर धरायला. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो आकडा डॉक्टरांना द्या. आकड्याइतकंच उठताना काय झालं तेही बघा. दोनदा झोका घेऊन उठले? वळताना भिंत धरली? गुडघेदुखीमुळे चाल मंद असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर विनाकारण फ्रेल्टीचा शिक्का बसेल. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला अर्थातच उठवायचं नाही. ते ऑपरेशन तर शक्य तितक्या लवकर व्हावं लागतं, या मोजमापांसाठी थांबू नका.

वजनाचा काटा नसेल तरी बिघडत नाही. अंगठीला दोरा गुंडाळावा लागतोय, पट्ट्याला नवं भोक पडलंय, कवळी सैल झालीय, ब्लाऊज आत घ्यावे लागले, ही सगळी वजन घटल्याचीच चिन्हं. काटा असेल तर हिशेब सोपा: प्रयत्न न करता वर्षभरात ५ टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो घटले तर ते गंभीर आहे. जेवणही विचारा. सकाळचा चहा-बिस्किट, दुपारी मऊ भात, रात्री पुन्हा दूध-भात, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. आमच्याकडच्या बऱ्याच आज्यांचं महिन्याचं खाणं एवढंच निघतं.

स्मरणशक्तीसाठी तीन शब्द सांगा, उदाहरणार्थ नदी, टेबल, आंबा. मग कागदावर घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगा. नंतर तेच तीन शब्द विचारा. शब्दाला एक गुण, बरोबर घड्याळाला दोन. पाचपैकी ३ पेक्षा कमी आले तर ऑपरेशननंतर मावशीसारखा गोंधळ उडण्याची भीती जास्त, आणि हे भूलतज्ज्ञाला आधी कळलेलं बरं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढायला लावणं अन्यायाचं आहे. तिथे गॅस विसरते का, तेच तेच विचारते का, एवढं सांगितलं तरी चालेल.

गोळ्या मोजत बसू नका. सगळ्या एका पिशवीत भरून न्या, झोपेची गोळी, वैद्याचं चूर्ण, मेडिकलमधून परस्पर आणलेलं पेनकिलर, सगळंच. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

एवढं एका कागदावर लिहून सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवा आणि सरळ विचारा: डॉक्टर, दोन-चार आठवडे थांबता येईल का? कॅन्सरमध्ये सगळ्यांनाच तेवढा वेळ मिळत नाही. मिळाला तर रोज चालणं, खुर्चीतून उठ-बस, आणि वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, त्यामुळे वरण-भातावर भागत नाही. पनीर, दही, उसळी, अंडी, मासे वाढवावे लागतात. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आधीच आणून सराव करा. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो; बरेच जण फुंकतच बसतात.

ॲडमिट होताना चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र डब्यात नाव लिहून द्या, आणि यंत्राचे जादा सेल विसरू नका.