हेडर आहे, लायब्ररी आहे, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स'

महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत लागलात, तर पहिलंच काम बहुधा हे येईल: क्लायंटने दिलेली सीची लायब्ररी (आधीच कंपाइल केलेला कोड, आणि सोबत त्यातल्या फंक्शन्सची ओळख देणारं हेडर) घ्या आणि तिच्यातली फंक्शन्स आपल्या कोडमधून कॉल करा. ऐकायला फुटकळ वाटतं. मला याच कामाने रडवलं होतं, आणि अजूनही लाल ओळींचा ढीग दिसला की पोटात गोळा येतो.

एरर कंपायलर (तुमच्या कोडची ऑब्जेक्ट फाइल बनवणारा) देतोय की लिंकर (ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवणारा), ते आधी बघा. हेडरचं नाव घेऊन 'नो सच फाइल' म्हणत असेल तर कंपायलरला हेडर सापडलेलं नाही. कमांडमध्ये कॅपिटल आयचा फ्लॅग लावून फोल्डर दाखवा. 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' म्हणजे हेडर इन्क्लूड करायचं राहिलंय किंवा फंक्शनच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. पूर्वी सीमध्ये फंक्शनची ओळख आधी न देताही ते कॉल करता यायचं. 1999च्या सी स्टँडर्डने ही सवलत काढून टाकली, तरी जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) पुढे कितीतरी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा. 2024च्या जीसीसी 14पासून ती थेट एरर झाली. म्हणून सीनियरच्या जुन्या मशीनवर चालणारा कोड तुमच्याकडे अडतो. तुमचं डोकं ठिकाणावर आहे, काळजी नको.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' आणि शेवटी 'एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस' दिसलं, तर कंपायलर पास होऊन गेलाय आणि लिंकर अडलाय. त्याला फंक्शनचं नाव माहीत आहे, आतला कोड मिळत नाही. स्मॉल एलचा फ्लॅग लावून लायब्ररी द्या, आणि ती आपल्या ऑब्जेक्ट फाइलच्या नंतर द्या. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि स्टॅटिक लायब्ररीतून (जिचा कोड प्रोग्रॅममध्येच भरला जातो) त्या क्षणी मागणी असेल तेवढंच उचलतो. लायब्ररी आधी लिहिली तर मागणीच नसते. लिनक्सवर वर्गमूळाचं फंक्शन असंच फसवतं: थेट 4.0 दिला तर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि सगळं सुरळीत चालतं. युजरकडून आकडा घेतला की मॅथ लायब्ररी जोडलेली नाही म्हणून बोंब.

इथवरचं कुठेही वाचायला मिळेल. मला अडकवलं ते वेगळंच होतं. हेडर होतं, लायब्ररी होती, क्रमही बरोबर होता, तरी तीच एरर. ठाण्याहून रबाळ्याला जाताना लोकलमध्ये उभ्या-उभ्या फोनवर उत्तरं शोधायचे आणि ऑफिसात येऊन एकेक फ्लॅग वाढवत बसायचे. हा फ्लॅग वाढवण्याचा नाद सोडा. लागलाच गुण तर कशाने लागला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

शेवटी शेजारच्या सीनियरने स्क्रीनकडे बघून एवढंच म्हटलं, "अगं, कंसाकडे बघ ना!"

एररमध्ये नुसतं 'रीड_मीटर' नव्हतं, 'रीड_मीटर(इंट)' होतं. सगळं या कंसात आहे. सीमध्ये एका नावाचं एकच फंक्शन असतं, म्हणून लायब्ररीत नाव जसंच्या तसं बसतं. सी++मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स चालतात, म्हणून कंपायलर पॅरामीटरचा प्रकारही नावात गुंफतो. लिनक्सवर जीसीसी त्याचं करतो असं: अंडरस्कोर, कॅपिटल झेड, नावातल्या अक्षरांची संख्या 10, मग मूळ नाव, आणि शेवटी इंटचा 'आय'. माझा कोड सी++चा, लायब्ररी सीची. लिंकर हे लांबलचक नाव शोधत होता. लायब्ररीत साधं नाव होतं. मेसेज छापताना मात्र तो ते नाव आपल्याला वाचता येईल असं उलगडून दाखवतो, तेव्हा मागे उरलेली खूण म्हणजे हा कंस.

खात्री करायला लायब्ररीवर आणि स्वतःच्या ऑब्जेक्ट फाइलवर 'एनएम' (फाइलमधल्या नावांची यादी दाखवणारी कमांड) चालवा. लायब्ररीत नावाआधी 'टी' दिसेल (कोड इथे आहे), तुमच्या फाइलमध्ये 'यू' (नाव हवंय, कोड इथे नाही). दोन्ही नावं अक्षर-अक्षर जुळतात का बघा. 'एनएम'ला कॅपिटल सी देऊ नका, तो नाव उलगडतो आणि फरक झाकला जातो. जुळत नसतील तर सी++च्या फाइलमध्ये त्या हेडरचा इन्क्लूड 'एक्स्टर्न "सी"'च्या महिरपी कंसात घाला, म्हणजे कंपायलर त्या नावांत प्रकार गुंफत नाही. क्लायंटच्या हेडरला हात लावायची गरज नाही.

त्या सीनियरने कीबोर्ड ओढून घेतला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं आणि मला काही कळलं नसतं. ओढून घेणारे सीनियर भेटतील; त्यांना गोड बोलून 'तुम्ही नेमकं काय बदललंत?' एवढं विचाराच.

आणि बिल्ड पार पडल्यावर प्रोग्रॅम चालू करताना 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आली, तर लिंकरला पुन्हा छेडू नका. ती तक्रार लोडरची असते, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना शेअर्ड लायब्ररी शोधून आणणाऱ्याची. त्याला 'डॉट एसओ' फाइल (हीच ती शेअर्ड लायब्ररी) कुठे आहे ते 'एलडी_लायब्ररी_पाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगा.