प्लेट अंपायरचा चेस्ट प्रोटेक्टर: या चुका टाळा

शालेय स्पर्धा जवळ आल्या की जळगाव-धुळ्याकडच्या बेसबॉलच्या नव्या प्लेट अंपायरांचे, म्हणजे बॅटरमागे बॉल झेलणाऱ्या कॅचरच्याही मागे उभं राहणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. "सर, चेस्ट प्रोटेक्टर कोणता घेऊ?" म्हणजे छातीचं चिलखत. मी विचारतो, माप घेतलं का? उत्तर येतं, "शर्ट ४२ नंबरचा लागतो." शर्टाच्या नंबरावरून प्रोटेक्टर घेणं म्हणजे बुटाच्या नंबरावरून टोपी घेणं. बऱ्याच कंपन्या अंपायरच्या प्रोटेक्टरचं माप समोरच्या भागाच्या लांबीवरून सांगतात, इंचात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताठ उभं राहून फिटिंग बघणं. मीही तीच केली. दुकानात आरशासमोर उभा राहिलो, पट्टे आवळले, अगदी फौजदार दिसत होतो. पुढच्याच आठवड्यात भुसावळकडे एक मॅच होती. उजव्या हाताचा बॅटर, मी कॅचरच्या डाव्या खांद्यावरून बघत वाकलेलो. वाकल्यावर खांदे पुढे आले, वरचे पट्टे सैल पडले आणि प्रोटेक्टर दोन बोटं खाली सरकला. बॅटला घासून आलेला फाउल बॉल नेमका त्या दोन बोटांतच आला, डाव्या हासळीच्या हाडावर. कॅचर वळून म्हणाला, "काय व्हयनं सर?" मी म्हटलं, "काही नही." पुढच्या दोन इनिंग मी स्ट्राइक उजव्या हातानेच दाखवत होतो, ते बरं, डावा हात वर गेलाच नसता. हाड मोडलं नव्हतं, पण महिनाभर शर्ट घालताना आई आठवली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मास्क लावून, आपल्या नेहमीच्या स्टान्समध्ये पाच मिनिटं वाकून राहायचं. हासळीचं हाड झाकलेलं पाहिजे आणि मास्कच्या थ्रोट गार्डखाली (गळ्यासमोर लोंबणाऱ्या पट्टीखाली) उघडा गळा दिसता कामा नये. मग कोणाला तरी बोटाच्या पेराने छातीभर, खांद्यावर, बरगड्यांच्या कडेला ठकठक करायला सांगायचं. जिथे ठोका हाडाला कळतो, तिथे भोक आहे. लांबी जास्त असेल तर उलटं होतं: खालची कड पोटाला टेकते, प्रोटेक्टर वर ढकलला जातो आणि मास्कला धडकतो. भरीत-पुरीच्या जेवणानंतर फिटिंग बघायला येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी चूक मला रागच आणते: क्रिकेटचा चेस्ट गार्ड. "सर, बेसबॉल तर लेदर बॉलपेक्षा हलका!" खरं आहे, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. पण भाऊ, क्रिकेटच्या बॅट्समनच्या हातात बॅट असते, तो झुकतो, बाजूला होतो. प्लेट अंपायरचं कामच न हलता बघण्याचं. वर बॅटला घासून आलेला बॉल दिशा बदलतो, तो दिसेपर्यंत लागलेला असतो. म्हणून अंपायरच्या प्रोटेक्टरला बाहेरून कडक प्लास्टिकच्या प्लेटा आणि आतून फोम असतो. प्लेट मार पसरवते, फोम जिरवतो. हृदयावर नको त्या क्षणी बसलेला फटका धडधड थांबवू शकतो, तेव्हा दोन-तीन हजार वाचवल्याचं कौतुक मला सांगू नका.

कॅचरचा प्रोटेक्टर उसना घेणंही तसंच. तो मऊ असतो, बॉल समोरच पडावा म्हणून. घाम वेगळाच.

शर्ट एक माप मोठा घ्या. प्रोटेक्टर आतून घालायचा असतो.

नव्या पट्ट्यांना पहिल्या दोन-तीन मॅचनंतर पुन्हा आवळा. मी नीट बसलेल्या जागी पेनाने खूण करून ठेवतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा प्रोटेक्टर पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. इलॅस्टिक जीव सोडतं. घाम पुसून सावलीत, पंख्याखाली टांगा. गेल्या वर्षी एक पोरगा वॉशिंग मशीनमधून काढलेला प्रोटेक्टर घेऊन आला, फोम सगळा एका कोपऱ्यात गोळा झालेला. "सर, पिळला फक्त एकदाच," म्हणाला.