पुट्टीचे पोपडे
घराच्या आतलं काम आम्ही दोघांनीच करायचं ठरवलं. गवंडी प्लास्टर करून गेला आणि दहाव्या दिवशीच मी पुट्टीची, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायच्या लेपाची, गोणी फोडली. ही म्हणाली, “अहो, भिंत अजून गार लागतेय.” ऐकतंय कोण! पंधरवड्यात कोपरा फुगला. नखाने टोकरलं की पापडासारखा पोपडा हातात.

सगळं पत्र्याने खरवडलं. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवला. दुसऱ्या दिवशी आतून थेंबच थेंब, म्हणजे भिंतीत ओल होतीच. मग खिडक्या उघड्या टाकून महिनाभर थांबलो. कागद कोरडा निघाल्यावर भिंत घासली, धूळ पुसली, पाण्याचा हलका हात मारला आणि पुट्टीचे दोन पातळ थर दिले, मधे एक रात्र सोडून. चार महिने झाले, कोपरा शाबूत आहे. ही अजून येता-जाता तिथे तळहात टेकवते.